चुलीपाशी कुणी नाही

चित्रात माणूस नाही हे गिऱ्हाइकाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो. आधी कवडसा दिसतो. मग शेणाने सारवलेली जमीन, भिंतीतला कोनाडा, चूल आणि तिला जोडलेला वैल, वर धुराने काळवंडलेले वासे. मागचं दार उघडं असतं आणि त्यातून परसातल्या केळीचं हिरवं आत येतं. नजर खोलीभर फिरून पुन्हा चुलीपाशी येते आणि तिथे अडते. मग विचारणा होते, "इथे एखादी बाई बसवता येईल का? पाठमोरी चालेल."

ज्या चित्रकर्तीला हे विचारलं जातं त्या पुण्यात राहतात. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं. त्यानंतर बरीच वर्षं व्यक्तिचित्रांची कामं केली: संस्थांचे अध्यक्ष, देणगीदार, कुणाचे आजोबा. चेहरा हुबेहूब उतरवण्यात त्यांचा हात बसलेला. आता मात्र त्या कोकणातल्या जुन्या घरांचं आतलं दालन रंगवतात, तेही माणसांवाचून, आणि ही चित्रं पुणे, ठाणे, डोंबिवली, बोरिवलीच्या फ्लॅटांमध्ये दिवाणखान्यात लागतात. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मूळ गाव रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं. ज्यांचं पोट चेहऱ्यांवर चाललं त्यांनी चेहराच वगळावा, याचं अनेकांना नवल वाटतं. त्यांचं उत्तर तयार आहे. "बाई बसवली की सगळे तिच्याकडेच बघणार. तिचं लुगडं, तिचं वय, ती कुणासारखी दिसते. घर मागचा पडदा होऊन राहील."

मराठी घरांच्या भिंतींना माणसांची सवय आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या खोल्यांपर्यंत पोचल्या. नंतर कॅलेंडरं आली. स्टुडिओत काढलेले आजी-आजोबांचे फोटो आले, त्यांना हार आले. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी जलरंगात रंगवलेली, हातात दिवा घेतलेली मुलगी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे; तिच्या छापील प्रती किती घरांत लागल्या असतील याला गणती नाही, आणि त्यातले कितीतरी लोक ते चित्र रविवर्म्याचंच समजतात. देव, पूर्वज, पुढारी, दिवा घेतलेली मुलगी. भिंतीवर कुणीतरी असायचंच. रिकामी खोली रंगवून ती दुसऱ्या खोलीत टांगायची, ही आपली रीत नव्हे. त्यामुळे चुलीपाशी बाई मागणाऱ्या गिऱ्हाइकाला अरसिक म्हणणं अन्यायाचं होईल. तो आपल्या भिंतीच्या सवयीने मागतो.

ही ओढ फक्त आपल्याकडची नाही. सतराव्या शतकातला डच चित्रकार सॅम्युअल फान होखस्ट्रातन याचं एक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. दारातून दिसणाऱ्या एकापुढे एक खोल्या, कुलपाला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा, भिंतीला टेकवलेला झाडू, वाटेत काढून ठेवलेल्या सपाता. माणूस नाही. पुढे कधीतरी कुणाला ते सोसलं नाही. त्याने त्या खोलीत एक लहान मुलगी आणि एक कुत्रा रंगवून घातला आणि वर पीटर द होख या दुसऱ्या नामवंत चित्रकाराची खोटी सही केली. नंतर ही सगळी भर काढून टाकली गेली आणि मूळ खोली पुन्हा मोकळी झाली. सपाता काढून कुणीतरी आत गेलं आहे, हे ते चित्र आपण होऊन सांगत होतं. मुलगी बसवल्यावर त्या सपातांकडे कोण बघणार?

कामाची सुरुवात किल्लीपासून होते. घराचे मालक ठाण्यात किंवा मुंबईत, किल्ली शेजारी किंवा वाडीतल्या चुलत भावाकडे. तो येऊन कुलूप काढतो, खिडक्या उघडतो, एखादी इंगळी निघाली तर बाहेर टाकतो आणि विचारतो, "पण बाई, काढणार काय इथे? आत काहीच नाही." रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत घटली. रत्नागिरीची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, म्हणजे कमावते पुरुष बाहेर. गिरण्यांच्या काळापासूनची ही वाट. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण गेलेला चाकरमानी गावी राहायला फारसा परतला नाही. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि येणं-जाणं सोपं झालं, घरात राहणं काही वाढलं नाही. शिवाय घर सामाईक. सातबाऱ्यावर आणि घरपत्रकावर नावांची रांग, त्यामुळे कुणी एकटा दुरुस्ती काढत नाही आणि कुणी एकटा विकतही नाही. घर तसंच उभं राहतं, गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं. चित्रातली रिकामी खोली ही सजावटीसाठी शोधलेली कल्पना नाही. ती या भागाची खरी परिस्थिती आहे, आणि म्हणूनच ती रंगवताना लबाडी करून चालत नाही.

या घरांमध्ये उजेड कुठून येतो हे एकदा कळलं की चित्राचा अर्धा प्रश्न सुटतो. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जाड. खिडक्या लहान. माजघराला तर बऱ्याचदा बाहेरची भिंतच नसते. पुढे ओटी आणि पडवी, मागे स्वयंपाकघर, मधला काळोख कायमचा. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि हळूहळू ती चपटी, एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौलं किनाऱ्याभर पसरली. त्याच मापाचं, त्याच खाचांचं काचेचं कौल मिळू लागलं आणि छपरात एखाद-दुसरं बसवायची पद्धत पडली. माजघरात किंवा चुलीच्या वर. त्या एका कौलातून जो कवडसा उतरतो तो या चित्रांचा कर्ता आहे.

आणि तो थांबत नाही. राजापूर, लांजा या भागात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास कवडसा काचेच्या कौलाच्या थेट खाली पडतो. कौल पंधरा फुटांवर असेल तर तो तासाला सुमारे चार फूट पूर्वेकडे सरकतो. म्हणजे ज्या पाटाच्या कडेवर तो आहे म्हणून बसावं, त्या पाटावरून रंग कालवेपर्यंत उतरलेला. गणपतीत पुन्हा त्याच घरी गेलं तर सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि कवडसा त्याच वेळी दोन-अडीच फूट उत्तरेला पडतो. चित्रकर्ती त्यामुळे एक कवडसा एकाच मोसमात पुरा करतात. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं फक्त उजेड रंगवायचा, उरलेला दिवस काळोख.

काळोखाचं काम खरं मोठं. फोटोवरून तो रंगवता येत नाही, हे त्या शिकवायला आलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतात. कॅमेऱ्याला कवडसा सांभाळायला सांगितलं तर कोपरे काळे ठार होतात. कोपरे सांभाळायला सांगितलं तर कवडशाची जागा पांढरी फटफटीत जळते. डोळा दोन्ही बघतो, कारण तो एका जागेवरून दुसरीकडे गेला की सावरून घेतो. म्हणून तिथे बसून बघायचं. दहा-पंधरा मिनिटं बसल्यावर जी भिंत आधी काळी वाटत होती तिच्यात रंग यायला लागतात. चुलीवरचे वासे तपकिरी असतात, आणि धुराचा राप बसून त्यांना चमक आलेली असते. दाराच्या बाजूने त्या चमकेत निळसर झाक उतरते. पॅलेटवर काळा रंग ठेवायचा नाही हा त्यांचा नेम. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून काळोख तयार करायचा, कुठे निळा जास्त, कुठे तांबडा. पातळ थरांत, एकावर एक. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, नाहीतर पुढे भेगा पडतात. वाळल्यावर गडद रंग बसतात, फिके, पिठूळ दिसू लागतात. मग त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवून ते पुन्हा वर आणायचे. पावसाळ्यात कोकणात तैलचित्र वाळतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून तिथे पाया घालायचा, मापं घ्यायची, रंगांच्या नोंदी करायच्या, छोटे अभ्यास करायचे, आणि मोठं चित्र पुण्यात पुरं करायचं.

जमीन मात्र त्या तिथेच रंगवतात. सारवण ओलं असताना हिरवट, वाळलं की राखाडी-पिवळं, आणि तिरप्या उजेडात त्यावर बोटांचे अर्धगोल दिसतात. सारवणारी मागे मागे सरकत हात फिरवते, त्याचे ते वळसे. वळशाची रुंदी म्हणजे तिच्या हाताची पोच. एका घरात स्वयंपाकघराच्या निम्म्या जमिनीवर रुंद वळसे होते आणि निम्म्या जमिनीवर लहान, दाट. किल्ली घेऊन आलेल्या चुलत भावाने सांगितलं, गणपतीच्या आधी त्याच्या बायकोने आणि धाकट्या मुलीने मिळून सारवलं होतं. त्या दोघी चित्रात तशाच आहेत. ज्यांना चुलीपाशी बाई हवी असते त्यांना चित्रकर्ती ती जमीन दाखवतात. कोनाड्याच्या कडेला दिव्याची काजळी, खुंटीभोवती हातांनी मळलेला चुना, ओटीच्या भिंतीवर डोकी टेकून टेकून उमटलेले तेलाचे डाग, मधोमध झिजलेला उंबरा. माणसांची एवढी मोठी हजेरी असलेल्या खोलीत आणखी एक आकृती घालायची, तर ती परकीच वाटणार.

बसायची जागाही त्या जपून निवडतात. इझल उभा करून, उभ्याने रंगवलं तर नजर पाच फुटांवरून पडते आणि स्वयंपाकघर बुटकं दिसतं. त्या घरातलं सगळं काम पाटावर बसून व्हायचं: विळीवर चिरणं, पाट्यावर वाटणं, चुलीत फुंकणीने फुंकर घालणं, जेवणं. म्हणून त्या पाटावर बसतात. नजर साधारण अडीच फुटांवर येते. मग चुलीचं तोंड समोर येतं, फडताळ उंच होतं, शिंकाळं डोक्यावर जातं आणि कौलाखालचा काळोख खरोखर खोल वाटतो. ही जेवायला बसलेल्याची नजर. बघणाऱ्याला ते सांगावं लागत नाही, पण चित्रासमोर सोफ्यावर बसल्यावर अनेकजण थोडे पुढे सरकून बसतात.

या कामात चित्रकर्तींना सगळ्यात जास्त शिकवलं ते डोंबिवलीतल्या एका आजींनी. चित्र त्यांच्या मुलाने मागवलेलं. भिंतीवर लागल्यावर घरातल्यांनी कौतुक केलं, पण आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चूल विझलेली आहे. घरात कुणी गेलंय का?" चूल पेटली नाही म्हणजे घरात काहीतरी विपरीत घडलं, ही खेड्यातली रोजची समज. शेजारच्या घरातून वेळेवर धूर दिसला नाही तर लोक चौकशीला जायचे. कुणी वास्तुशास्त्राचं नाव घेऊन रिकामं घर भिंतीवर नको म्हणतं, तेव्हा बोलणं तिथेच संपतं. आजींचं म्हणणं तसं नव्हतं. त्यांनी चित्र वाचलं होतं, आणि चित्रात जे होतं तेच वाचलं होतं. त्या घराची चूल खरोखर महिनोन्‌महिने थंड होती.

तेव्हापासून चित्रकर्ती शक्यतो घर उघडलेलं असताना जातात. गणपतीत, किंवा मेमध्ये मुलंबाळं आलेली असताना, आणि वेळ निवडतात ती दुपारची जेवणं उरकल्यानंतरची. भांडी घासून पालथी घातलेली असतात. माणसं पडवीत कलंडलेली असतात, मुलं आंब्याखाली. स्वयंपाकघर रिकामं असतं, पण चूल मेलेली नसते. अर्धवट जळलेली लाकडं तोंडाशी ओढून ठेवलेली, आतल्या निखाऱ्यांवर राख सारलेली, वैलावर दुधाचं किंवा पाण्याचं पातेलं, झाकण थोडं सरकवलेलं. निखारा दिसत नाही. वरची राख मात्र पांढरी, हलकी असते. थंड चुलीतली राख दमट होऊन काळपट बसते. हा राखेतला फरक रंगवायला अर्धा दिवस जातो आणि तो बहुतेकांना कळत नाही असं वाटतं. तसं नाही. या राखेच्या चित्रांसमोर सुतकाचा प्रश्न पुन्हा कुणी विचारलेला नाही, आणि बाई बसवा म्हणणाऱ्यांमध्येही जुनी, चूल पेटवलेली माणसं कमी झाली. नव्या पिढीला अजून ती हवी असते.

इंटिरियर डेकोरेटरांची मागणी वेगळी. त्यांना जुनं हवं असतं, आणि जुनं म्हणजे एकतर चकचकीत नाहीतर पडकं. तांब्याचा बंब घासून लख्ख, समया, पितळी डबे, सगळं एका चौकटीत. किंवा मग ढासळलेली भिंत, तुटलेली कौलं, त्यातून उगवलेला पिंपळ. सोफ्याच्या कापडाशी जुळेल असा मातकट रंग. चित्रकर्ती बंबाला नाही म्हणत नाहीत, तो न्हाणीघरात असेल तर. स्वयंपाकघरात आणून ठेवत नाहीत. पडक्या घराचं एक चित्र त्यांनी रंगवलं होतं, आणि रंगवण्याच्या दृष्टीने ते अवघड आणि चांगलं उतरलं होतं. ते एका घरात दिवाणखान्यातून पाहुण्यांच्या खोलीत गेलं आणि तिथून माळ्यावर. प्रदर्शनात भिंतीवरची पडझड मिनिटभर बघायची असते. घरात तिच्यासमोर रोज चहा प्यायचा असतो. या लेखकाला इथे चित्रकर्तींचं म्हणणं पुरतं पटतं: उद्या पुन्हा काम सुरू होईल अशी खोली माणसाला वर्षानुवर्षं सोबत करते, मोडलेली खोली करत नाही.

या बाबतीत त्यांच्या बोलण्यात अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायेथचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. मेन राज्यात कुशिंग या समुद्राकाठच्या गावी ऑल्सन नावाच्या बहीण-भावाचं जुनं शेतघर होतं. बहीण ख्रिस्तिना पायांनी अधू, भाऊ अल्वारो शेती बघणारा. वायेथ तिथे वर्षानुवर्षं उन्हाळ्यात जाऊन काम करायचा. गवतात बसून वर घराकडे बघणारी ख्रिस्तिना त्याने १९४८ मध्ये रंगवली आणि ते चित्र जगभर गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९४७ मध्ये, त्याने त्याच घराच्या वरच्या मजल्यावरच्या, वापरात नसलेल्या खोलीची एक खिडकी रंगवली. उकाड्याच्या दिवशी त्याने खिडकी उघडली आणि समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने विरलेले जाळीचे पडदे आत फुगले. पडद्यांवर विणलेले पक्षी, बाहेर वाळलं गवत, गाडीवाटेच्या दोन रेघा, दूर पाण्याची पट्टी. अंड्याच्या बलकात कालवलेल्या टेम्पेरा रंगांतलं हे लहानसं चित्र आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. २०१४ मध्ये तिथे वायेथच्या खिडक्यांच्या चित्रांचं एक प्रदर्शन भरलं होतं, सगळी निर्मनुष्य.

वायेथच्या या खोल्यांच्या छापील प्रती अमेरिकेतल्या कितीतरी घरांत लागल्या. काही समीक्षकांनी तेवढ्यावरूनच त्याला गोड, घरगुती ठरवलं. चित्रकर्तींना हा आरोप मान्य नाही. घरात लागणं हा चित्राचा कमीपणा कसा? चित्र बघायला तिकीट काढून जाणारा माणूस वर्षातून एकदा बघतो, घरातला माणूस रोज बघतो, उजेड बदलताना बघतो, आजारपणात बघतो. त्या रोजच्या बघण्याला पुरून उरणं कठीण असतं. वायेथला ते साधलं, कारण तो घराला ओळखत होता. कुठला पडदा कुणी विणला, कुठली खोली का बंद झाली, हे त्याला ठाऊक होतं. दोघं भावंडं गेल्यानंतरही त्याचं त्या घराशी नातं राहिलं. घर आज रॉकलंडच्या फार्न्सवर्थ संग्रहालयाकडे आहे, आणि २००९ मध्ये वायेथ वारला तेव्हा त्याला तिथूनच जवळच्या छोट्या दफनभूमीत पुरलं, ऑल्सन भावंडांशेजारी.

फ्लॅटमध्ये चित्र लावणं हेही कामच आहे, आणि चित्रकर्ती जमेल तिथे स्वतः जातात. कलादालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर ठेवतात, कारण तिथे माणूस उभा असतो. घरात तो बसलेला असतो. त्यात ही चित्रं पाटावरच्या नजरेने काढलेली. उंच टांगली की चूल हवेत तरंगते आणि जमीन ओघळून खाली येईलसं वाटतं. म्हणून त्या सोफ्यावर स्वतः बसतात, भिंतीवर आपल्या नजरेची खूण करून घेतात आणि चित्रातली क्षितिजरेषा त्या खुणेवर येईल असा खिळा ठरवतात. खाली लावलेलं चित्र घरच्यांना आधी चुकीचं वाटतं, पाहुणे मात्र नकळत त्यात शिरतात.

उजेडाचंही तसंच. पांढऱ्या निळसर ट्यूबखाली तपकिरी काळोख राखाडी-हिरवा दिसतो आणि एवढी मेहनत वाया जाते. ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार दिवा, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक नव्वदच्या वर, आणि तोही तिरपा. समोरच्या खिडकीचं थेट ऊन नको. मुंबई-ठाण्यात बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते आणि कॅनव्हासच्या पाठीला बुरशी येते, म्हणून आतली भिंत निवडायची, फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवून वारा खेळायला अर्धा इंच जागा सोडायची. फ्रेम साधी, सागवानाची, वेलबुट्टीवाचून. ज्यांना मूळ चित्र परवडत नाही त्यांना त्या कॅनव्हासवरची छापील प्रत देतात, फक्त काळोखाचे थर नीट उतरलेले स्वतः तपासून, आणि ती मूळ म्हणून कुणी खपवू नये यासाठी मागे स्पष्ट लिहून.

त्यांचं अलीकडचं मोठं काम लांजा तालुक्यातल्या एका सामाईक घराचं. तिघे भाऊ आणि एक बहीण. एक भाऊ ठाण्यात, एक बडोद्याला, धाकटा गावातच, आईसोबत. घराचे वासे वाळवीने खाल्ले होते, छप्पर उतरवून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं. पाडण्याआधी स्वयंपाकघराचं चित्र हवं म्हणून बाहेरच्या दोघांनी काम दिलं. भिंत निळी रंगवा, असं बडोद्याचे म्हणाले. त्यांच्या लहानपणी चुन्यात नीळ घालायचे. ठाण्याच्यांच्या आठवणीत ती पांढरी. चित्रकर्तींनी भिंत आहे तशी रंगवली, पण खुंटीमागचा चुना खरवडला तेव्हा तीन थरांखाली फिका निळा निघाला आणि तो पोपडा त्यांनी चित्रात तेवढाच ठेवला. बहिणीने फोटो बघून विचारलं, जातं कुठे आहे? जातं केव्हाच कुणीतरी नेलं होतं. कोपऱ्यात त्याची गोल जागा जमिनीत राहिली होती, आजूबाजूपेक्षा थोडी खोल, सारवणाचा वळसा तिथे मोडून बाजूने गेलेला. ती जागा चित्रात होतीच, बहिणीला ती दाखवल्यावर ती म्हणाली, "मी तिथेच बसायचे, आईच्या समोर, खुंट्याला हात लावून."

घेतलेल्या मापांचे कागद धाकट्या भावाने मागून घेतले. चूल, मागचं दार आणि विहीर यांची ओळ नव्या बांधकामातही तशीच ठेवायची होती, आणि ठेकेदाराला ती दाखवायला दुसरं काही नव्हतं. चित्राबद्दल मात्र तो म्हणाला होता, "मी इथेच राहतो. मला कशाला?" नवं घर झालं, गॅसचा ओटा आला, आणि सहा-आठ महिन्यांनी त्याचा फोन आला, की आईसाठी एक लहान काढाल का, स्वयंपाकघरातच लावायचं आहे. चित्रकर्तींनी आधी नको म्हटलं. फोडणीची वाफ आणि तेलाचा धूर तैलचित्रावर बसला की काही वर्षांत ते चिकट होऊन काळवंडतं. आई दिवसभर तिथेच असते, दिवाणखान्यात लावून उपयोग नाही, हे त्याचं म्हणणं. शेवटी लहान आकारात पॅनेलवर काढलं, पुरतं वाळू दिलं आणि एरवी तैलचित्राला कधी लावत नाहीत ती काच लावली. काच रंगाला टेकू नये म्हणून आत कडेने पट्टी बसवली, मागची बाजू बंद केली, ओट्यापासून लांबची भिंत घेतली. आई आता पाटावर बसू शकत नाही, प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. तिला खुर्चीत बसवून, जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत टेपने मोजून खिळ्याची जागा धरली. ठोकताना धाकट्याने विचारलं, आणखी थोडं वर घेऊ का, पोरांचा हात लागेल. आई म्हणाली, "लागू दे. काच आहे ना."